आभार मानायचे ते नावानिशी

२०२३ साली थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला आभाराचा सण, आणि कार्तिकी एकादशी एकाच दिवशी आली, २३ नोव्हेंबरला. सासूबाई सोलापूरहून आमच्याकडे आल्या होत्या. अख्खा देश जेवायला बसतो त्या दिवशी आमच्या घरात उपास! मी जरा हिरमुसले, मग म्हटलं, 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच झालेली नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, लाल भोपळ्याचं भरीत, राजगिऱ्याच्या पुऱ्या. टेबल भरलं. थोरली तेव्हा अकरा वर्षांची. तिला शाळेत अमेरिका खंडातल्या पिकांवर काहीतरी प्रकल्प होता. ती एकेका भांड्याकडे बोट दाखवत म्हणाली, "आई, हे सगळं इकडचंच आहे."

तिचं खरं होतं. बटाटा अँडीज पर्वतातला. साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिकडचाच. मिरची, रताळं, लाल भोपळा, राजगिरा, सगळी अमेरिका खंडातली पिकं, तिथल्या मूळच्या माणसांनी हजारो वर्षं निगुतीनं वाढवलेली. यातली बरीचशी पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. ज्ञानेश्वरांच्या काळात पंढरीला एकादशी होती, पण ही खिचडी नव्हती. तूप आणि वरीचे तांदूळ सोडले तर आमच्या उपासाच्या ताटात भारतातलं मूळचं फारसं काही उरत नव्हतं.

सासूबाई दोन घास थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे विठोबाचा उपास इतकी वर्षं आम्ही ह्यांच्या जिवावर करतोय होय गं?"

अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांनी नोव्हेंबरात घरात काय वाचावं आणि काय पाळावं, याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सासूबाईंच्या या वाक्यात जवळजवळ येऊन गेलं आहे. तरी थोडं सविस्तर सांगते, कारण या विषयावर आमच्या ओळखीच्या घरांत मला दोनच पद्धती दिसतात आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिली पद्धत म्हणजे 'हा आपला सण नाही'. चार दिवस सुट्टी असते, मंडळातल्या चार कुटुंबांनी मिळून पॉटलक करायचं, शुक्रवारी खरेदी. गोष्ट काय ती शाळा सांगेल. दुसरी पद्धत हौशी लोकांची. टर्की नाहीतर तिच्या नावानं पनीर, आणि जेवणाआधी टेबलाभोवती एकेकानं सांगायचं की मी कशाबद्दल आभारी आहे. मुलं सांगतात: घर, आईबाबा, मित्र, आयपॅड. सगळे टाळ्या वाजवतात. ऐकायला गोड वाटतं, पण त्यात आभार कोणाचे ते येतच नाही. घर कोणाच्या जमिनीवर आहे, भोपळा कोणी पेरला, आपल्याला या देशात येऊ देणारा कायदा कोणाच्या धडपडीतून झाला, यातलं काहीच नाही. आपल्या भाषेत याहून नेमकी कल्पना आहे: ऋण. ऋण म्हटलं की धनको आला, आणि धनकोला नाव असतं. नाव न घेता मानलेले आभार म्हणजे कर्ज घेऊन सावकाराचा पत्ता विसरणं.

आमच्या गावच्या ग्रंथालयात नोव्हेंबर लागला की मुलांच्या विभागात या सणाच्या पुस्तकांचं एक कपाट मांडतात. सणाची गोष्ट म्हणजे इंग्लंडहून आलेले 'पिल्ग्रिम' आणि इथले मूलनिवासी वाम्पानोग यांचं १६२१ मधलं एकत्र जेवण. ते जिथं झालं ते मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ आमच्यापासून गाडीनं तासाभरावर. तरी जुन्या पुस्तकांतली चित्रं पाहा: बकल लावलेल्या उंच काळ्या टोप्यांतले गोरे 'पिल्ग्रिम', ओंडक्यांची घरं, डोक्यावर पिसांचा भलामोठा मुकुट घातलेले 'इंडियन', मध्ये टर्की. बकलांच्या टोप्या नंतरच्या चित्रकारांच्या. घरं फळ्यांची आणि गवती छपराची होती. तो मुकुट शेकडो कोस पश्चिमेच्या गवताळ मैदानांतल्या जमातींचा, इथल्या वाम्पानोगांचा नव्हे. (आणि 'पिल्ग्रिम'चं मराठी यात्रेकरू असं करायचा मोह आवरावा. यात्रेकरू परत घरी जातो. हे राहायला आले होते.)

मुळात १६२१ च्या त्या जेवणाबद्दल डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा पुरावा म्हणजे वसाहतीतल्याच एडवर्ड विन्स्लोनं त्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रातला एक परिच्छेद. पीक हाती आलं, गव्हर्नरनं चार माणसं पक्षी मारायला पाठवली, वाम्पानोगांचा प्रमुख मासासोइट आपली सुमारे ९० माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं झालं, त्यांनी पाच हरणं मारून आणली. संपलं. टर्कीचा उल्लेख नाही. रानटर्की त्या हंगामात खूप मिळाल्या हे त्याच गव्हर्नरच्या, विल्यम ब्रॅडफर्डच्या, बखरीत आहे. 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही पत्रात नाही. त्या कडव्या धार्मिक लोकांच्या लेखी तो शब्द प्रार्थनेच्या दिवसाला लागे, मेजवानीला नव्हे. आदल्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी निघाले होते, पहिल्या हिवाळ्यात त्यातले निम्मे मेले. म्हणजे पंगतीत इंग्रज पन्नासेक आणि वाम्पानोग ९०. पुस्तकांतल्या चित्रांत मात्र हे प्रमाण नेहमी उलटं असतं. मुलांना मोजायला आवडतं. त्यांना चित्रातली माणसं मोजायला सांगा, पुढचं बोलणं आपोआप निघतं.

आमच्याकडे ते निघालं टिस्क्वांटमवरून. बालवाडीच्या पुस्तकात तो 'स्क्वांटो' असतो, इंग्रजी बोलणारा एक प्रेमळ इंडियन, जो गोऱ्यांना मका पेरायला शिकवतो. धाकटा सहा वर्षांचा. त्यानं विचारलं, "त्याला इंग्रजी कसं येत होतं?"

या एका प्रश्नात सगळी गोष्ट आहे, आणि तो विचारणार नाही असं मूल मला अजून भेटायचं आहे. १६१४ साली थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानानं त्याला आणि आणखी वीसेक जणांना पाटुक्सेट गावातून पळवून नेलं आणि स्पेनमधल्या मालागाच्या बंदरात गुलाम म्हणून विकायला काढलं. तिथून तो कसाबसा इंग्लंडला पोचला. १६१९ मध्ये परत आला तर गाव ओस. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं सगळे गेले होते. पुढच्या वर्षी मेफ्लॉवरची माणसं उतरली ती त्याच गावाच्या मोकळ्या पडलेल्या शेतांवर. प्लिमथ म्हणजे पाटुक्सेट. आपल्याच मेलेल्या गावात परक्यांना मका पेरायला शिकवणाऱ्या त्या माणसाला 'प्रेमळ मदतनीस' म्हणणं मला जमत नाही. तो का थांबला, काय विचार करत होता, हे कोणालाच नीट ठाऊक नाही. मी मुलाला तेवढंच सांगितलं.

इथं एक चूक कबूल करते. थोरली सात वर्षांची असताना मी उत्साहाच्या भरात तिला पुढची गोष्टही सांगून टाकली: मासासोइटचा मुलगा मेटाकॉम, १६७५ चं युद्ध, त्याचा वध आणि प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं भाल्यावर लावून ठेवलेलं त्याचं मुंडकं. पोरगी रात्रभर झोपली नाही. नवरा म्हणाला, "तुला इतिहास शिकवायचा होता की तिला घाबरवायचं होतं?" त्याचं बरोबर होतं. चार वर्षांच्या मुलाला ९० माणसं आणि पाच हरणं पुरतात. आठव्या वर्षी टिस्क्वांटम पेलतो. मेटाकॉम बाराव्या वर्षापर्यंत थांबू शकतो. पण वय लहान म्हणून आधी खोटं शिकवायचं आणि मोठं झाल्यावर ते पुसायचं, हा मार्ग मला मान्य नाही. थोडं सांगावं, पण जे सांगावं ते पुढं मागं घ्यावं लागू नये.

चांगली पुस्तकं आता आहेत. 'कीपूनुमुक' हे २०२२ चं पुस्तक तीन मूलनिवासी लेखकांनी लिहिलंय, त्यातल्या एक मॅशपी वाम्पानोग आहेत. गोष्टीच्या मध्यभागी मका, घेवडा आणि भोपळा या तीन बहिणी. टोप्याही नाहीत, बकलंही नाहीत. मोहॉक प्रमुख जेक स्वॉम्प यांचं 'गिव्हिंग थँक्स' १९९५ चं. मोहॉक ज्यांच्यात मोडतात ते हौडेनोसौनी लोक कोणतीही सभा सुरू करण्याआधी जे आभार म्हणतात त्याचं हे मुलांसाठी केलेलं रूप आहे. पृथ्वी, पाणी, झाडं, वारा, चंद्र, एकेकाचं नाव घेऊन. हे आभार वर्षातून एकदा म्हणायचे नसतात, हेही मुलांना त्यातून कळतं. एका मैत्रिणीनं त्यावर सुचवलं की आपण जेवणाआधी हेच म्हणूया, किती सुंदर आहे. मी नको म्हटलं. वाचूया, पुन्हा पुन्हा वाचूया, पण दुसऱ्याच्या घरची पूजा आपल्या देव्हाऱ्यात आणून ठेवू नये. आपल्याकडे म्हणायला काही नसतं तर वेगळी गोष्ट.

तिसरं पुस्तक आमच्यासारख्या घरांत सर्वात लाडकं, आणि त्याबद्दलच माझी तक्रार आहे. बार्बरा कोएन यांचं 'मॉलीज पिल्ग्रिम', १९८३. रशियातून आलेली एक ज्यू मुलगी, वर्गात तिची टिंगल होते. बाईंनी पिल्ग्रिमची बाहुली करून आणायला सांगितलेली. तिची आई बाहुलीला स्वतःसारखे रशियन कपडे घालते, कारण तीही धर्म पाळता यावा म्हणून देश सोडून आलेली. ज्यूंच्या सुगीच्या सणाचा, सुकोटचा धागाही गोष्टीत येतो. वाचताना माझा आवाज दर वेळी अडकतो. घरची श्रद्धा लपवायची गोष्ट नाही हे मुलांना सांगायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. पण आपण परदेशस्थ मराठी लोक ते वाचून लगेच मॉलीची आई होऊन बसतो. मॉलीच्या आईला तिच्या देशात जगणं अवघड झालं होतं. आम्ही एच-१बी व्हिसावर, कंपनीच्या पैशांनी, विमानात बसून आलो. आमच्यावर कोणी धर्मापायी हल्ला केला नव्हता. दुसऱ्याचं दुःख उसनं घेऊन आपली गोष्ट मोठी करू नये, हेही मुलांना कळायला हवं.

त्यापेक्षा त्या प्लिमथवाल्यांशी आमचं खरं साम्य वेगळंच आहे, आणि ते कुठल्याही चित्रपुस्तकात मला दिसलं नाही. इंग्लंडमधला जाच चुकवून ते थेट अमेरिकेला आले नव्हते. आधी दहाबारा वर्षं ते हॉलंडमध्ये लायडनला होते आणि तिथं त्यांना धर्मस्वातंत्र्य होतं. मग का सोडलं? त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवलेल्या कारणांत गरिबी आहे, कष्ट आहेत, आणि ही धास्तीही आहे की आपली मुलं हातची चालली, आपली भाषा आणि आपलं इंग्रजपण जाणार. मुलं डच होतील या भीतीनं त्यांनी समुद्र ओलांडला! रविवारी सकाळी पोरांना ओढत मराठी शाळेत नेताना मला ही माणसं फार जवळची वाटतात. आणि मग आठवतं की त्या भीतीची किंमत शेवटी वाम्पानोगांच्या मुलांनी भरली.

भाषेवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. १६६३ मध्ये जॉन एलियट या पाद्र्यानं वाम्पानोगांच्या भाषेतलं बायबल मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला छापलं. अमेरिका खंडात छापलेलं ते पहिलं बायबल. हेतू धर्मांतराचा. पुढं ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही, शतकभराहून जास्त काळ. मग १९९० च्या दशकात जेसी लिटल डो बेर्ड या मॅशपी वाम्पानोग बाईंनी त्याच बायबलाच्या आणि जुन्या कागदपत्रांच्या आधारानं भाषा पुन्हा उभी केली आणि आपल्या मुलीला जन्मापासून तीच बोलायला शिकवली. परक्या धर्माचा ग्रंथ स्वभाषेची वाट दाखवून गेला. गोव्यात राहिलेल्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. मेफ्लॉवर निघण्याच्या चार वर्षं आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापून झालं होतं, तेही धर्मप्रसारासाठी, आणि मराठीच्या त्यातल्या ओव्या आम्ही शाळेत अभिमानानं पाठ केल्या. धर्म, भाषा आणि सत्ता यांची गाठ इतकी गुंतागुंतीची असते. शाळेनं ती मुलांसमोर सोडवून दाखवावी अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

शाळेची अडचण मी समजू शकते. १९६३ च्या शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळांतलं बायबल-पठण घटनाबाह्य ठरवलं. धर्माविषयी शिकवता येतं, धर्म शिकवता येत नाही. रेघ योग्यच आहे, आमच्यासारख्यांच्या मुलांचा फायदाच आहे त्यात. पण ती जपायच्या नादात शिक्षक धर्माचं नावच काढत नाहीत आणि मग थँक्सगिव्हिंगमध्ये उरतात कागदी टोप्या. वास्तविक हा सण देवाचं नाव घेऊनच राष्ट्रीय झाला. वॉशिंग्टननं १७८९ मध्ये जाहीर केला तो ईश्वराचे आभार म्हणून. जेफरसननं अध्यक्ष असताना याच कारणासाठी तो जाहीर करायला नकार दिला. लिंकननं १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, सेरा हेल या संपादिकेच्या वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर पुन्हा सुरू केला. पण त्यात कुठल्या पंथाची पूजा ठरवून दिलेली नाही. ती जागा रिकामी आहे आणि प्रत्येक घरानं ती आपल्या परीनं भरायची आहे.

आमच्या घरी ती 'वदनि कवळ घेता'नं भरते. मुलांना पाठ आहे, अर्थासकट. अन्न पूर्णब्रह्म आहे, खाणं हे यज्ञकर्म आहे. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर या श्लोकात हरीचं नाव आहे, पेरणाऱ्याचं नाही, रांधणारीचं तर नाहीच. ते शोधायचं तर पोळ्याकडे जावं लागतं. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून त्याला म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' ज्यानं नांगर ओढला त्याला समोर उभं राहून दिलेलं आमंत्रण! आभाराचा याहून सरळ नमुना मला कुठल्या धर्मात दिसलेला नाही. आमच्या मुलांनी बैल फक्त सोलापूरला पाहिला आहे, पण लाकडी बैल सुटकेसमधून आला आणि तो नोव्हेंबरातही टेबलावर असतो. पोळा श्रावणात असतो हे मला ठाऊक आहे. सासूबाईंनीही ते तीनदा सांगून झालंय.

आता अवघड भाग. ज्या मापानं आपण प्लिमथ मोजतो त्याच मापानं पंढरपूर मोजायची तयारी नसेल, तर मुलांना टिस्क्वांटम सांगूच नये. आमच्यातले पुष्कळ पालक गोऱ्यांच्या सणाचं खोटेपण मोठ्या चवीनं सांगतात आणि आपल्या सणांपाशी आले की एकदम सोज्वळ होतात. त्या एकादशीला मी थोरलीला चोखोबा सांगितला. मंगळवेढ्याचा, विठ्ठलावाचून दुसरं काही न जाणणारा, आणि जातीमुळे देवळाबाहेर ठेवलेला. गावकूस बांधताना भिंत कोसळून तो गेला, आणि समाधीही महाद्वाराबाहेरच. ते दार सर्वांना उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, म्हणजे चोखोबानंतर सहाशे वर्षांनी. ती म्हणाली, "म्हणजे बोलावलं नव्हतं त्यांना." मासासोइटच्या ९० माणसांना बोलावलं होतं की ती आपण होऊन आली, हे विन्स्लोच्या पत्रात नाही, हा मुद्दा आम्ही आदल्याच आठवड्यात बोललो होतो. तिनं तो जोडला. मी जोडून दिला नव्हता.

सासूबाईंना हे जेवणाच्या ताटावर आवडलं नाही. सणासुदीला कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझा एक मित्र जास्त मुद्द्याचं बोलतो: अशानं पोरांच्या हाती काय उरतं? तिकडचंही वाईट, इकडचंही वाईट, मग आनंदानं जेवायचं कधी? मी एवढंच सांगू शकते की आमच्या मुलांनी त्या दिवशी खिचडी दोनदा मागून घेतली. मुलं अपराधी वाटून खचत नाहीत. खचतो आपण, कारण आपण आयुष्यभर दुसरंच सांगत आलेलो असतो. चोखोबा ऐकून थोरलीचा विठोबा कमी झाला नाही. 'जोहार मायबाप जोहार' तिनं नंतर स्वतः शोधून ऐकलं.

आणि आभारांच्या यादीत दरवर्षी भर पडते आहे. १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला म्हणून आमच्यासारखे इथं आले, आणि तो ज्या वाऱ्यावर झाला तो काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा होता. गेल्या पिढीतल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या यशोगाथांत मला हे नाव क्वचित ऐकू आलं. आमच्या टेबलावर ते घेतलं जातं, अण्वस्त्रांपासून आयपीएलपर्यंत सगळ्या विषयांवर मतं असलेल्या पाहुण्यांसमोर मुद्दाम मोठ्यानं.

२०२४ च्या थँक्सगिव्हिंगला थोरलीला घेऊन मी प्लिमथला गेले. कोल्स हिलवर मासासोइटचा पुतळा आहे. १९७० साली वाम्पानोग नेते वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना मेफ्लॉवरच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या सरकारी मेजवानीत भाषणाला बोलावलं होतं. भाषण आधी वाचून पाहिलं आणि ते करू द्यायला नकार दिला. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला मूलनिवासी लोक त्या टेकडीवर जमतात. राष्ट्रीय शोकदिन म्हणतात त्याला. आम्ही पाठीमागे उभ्या राहिलो, ऐकलं, थंडीनं कुडकुडलो. जमलेल्यांपैकी कित्येक जण आदल्या संध्याकाळपासून उपास धरतात, हे तिथं कळलं.

परतताना गाडीतूनच लेकीनं सोलापूरला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पण सासूबाई जाग्याच होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "उपास निर्जळी असतो का गं त्यांचा, की फराळाचं चालतं?"

"विचारून सांगते आजी," ती म्हणाली, आणि वहीत लिहून ठेवलं.